शब्दांचे मूळ आणि कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे जुने लोक सांगत आले. शब्दांच्या बाबतीत मात्र हा उपदेश मनुष्याने कधी मानला नाही. आपल्या तोंडी असलेला शब्द कोठून आला, तो मूळचा आपला की परक्याचा, परक्याचा असेल तर कोणत्या वाटेने घरात शिरला, हे जाणण्याची ओढ पंडिताला असते तशीच बाजारात बसलेल्या व्यापाऱ्यालाही असते. ज्या प्रदेशात दोन भाषा एकाच ओट्यावर शेजारी बसतात, तेथे तर ही ओढ नुसत्या कुतूहलाची राहत नाही; तिला अभिमानाची, आणि पुष्कळदा भांडणाची, धार चढते.

बेळगाव-निपाणीचा मुलूख हा असाच प्रदेश आहे. वेदगंगेपासून मलप्रभेपर्यंतच्या या पट्ट्यात मराठी आणि कानडी शेकडो वर्षे एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. एका घरातले तूप दुसऱ्या घरात तुप्प होते. अण्णा आणि अक्का दोन्ही घरांत वडीलकीचा मान घेतात. सुपारी कातरणारा अडकित्ता मराठी पानदानात बसला असला, तरी त्याच्या नावातली ‘अडके’ म्हणजे सुपारी ही कानडी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला, सीमाप्रश्न उभा राहिला, आणि तेव्हापासून शब्दांच्या व्युत्पत्तीलाही वारंवार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले जाऊ लागले. अमुक गावाचे नाव कानडी, म्हणून गाव कानडी. तमुक शब्द संस्कृतातून आला, म्हणून तो मराठीचा. असे युक्तिवाद दोन्ही बाजूंनी झाले. तेव्हा व्युत्पत्ती कशाने सिद्ध होते आणि कशाने होत नाही, हा प्रश्न या प्रदेशापुरता तरी केवळ पांडित्याचा नाही.

जवळच्या शब्दांविषयी मन निर्विकार ठेवणे कठीण असते. म्हणून या प्रश्नाची पारख थोड्या लांबच्या उदाहरणावरून करणे बरे. ते उदाहरण म्हणजे तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या काठच्या असुर व बाबिलोनी लोकांची भाषा, आणि तिचा आपल्याकडील भाषांशी जोडला गेलेला संबंध. हे उदाहरण वाटते तितके परके नाही. त्याच्या इतिहासातले एक ठळक नाव लोकमान्य टिळकांचे आहे, आणि त्या नावाचा बेळगावशीही ऋणानुबंध आहे.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती. त्याच वेळी टिळकांच्या होमरूल लीगची येथे स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष झाले आणि न. चिं. केळकर चिटणीस. मंडालेच्या कारागृहातून सुटून टिळकांना तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. राजकारणाच्या अशा ऐन धामधुमीत या पुरुषाचे चित्त एका अगदी निराळ्या विषयातही गुंतलेले होते. ६ जुलै १९१७ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या वयाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. त्या वर्षी डॉक्टरांच्या गौरवार्थ निघालेल्या निबंधसंग्रहात टिळकांनी खाल्डियन आणि भारतीय वेदांवर एक इंग्रजी निबंध लिहिला. संमतिवयाच्या वादात हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या विद्वत्तेचा मोठेपणा कळतो.

या निबंधामागे अर्धशतकाचा शोध होता. असुर देशातील लेख मातीच्या ओल्या विटांवर बोरूने खुणा करून लिहिलेले असत. ही खिळ्यांच्या आकाराची लिपी दोन हजार वर्षे कोणालाही वाचता येत नव्हती. ती उलगडण्याच्या कामात हेन्री रॉलिन्सन या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेत तो नोकरीला लागला आणि पुढे इराणात गेल्यावर बेहिस्तूनच्या कड्यावरील दारयवहूचा त्रैभाषिक शिलालेख त्याने उतरवून घेतला. लिपी खरोखर वाचता येते की नाही, याची परीक्षा १८५७ साली लंडनमध्ये झाली. रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपर्ट या चौघांनी एकाच असुर राजाच्या लेखाची भाषांतरे स्वतंत्रपणे करून मोहोरबंद पाकिटांतून पाठविली. ती उघडून ताडली, तेव्हा मुख्य मुद्द्यांत चौघेही जुळले. पुढे निनेव्ह येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातील विटांमधून बाबिलोनी सृष्ट्युत्पत्तीची कथा जॉर्ज स्मिथने १८७६ साली प्रसिद्ध केली. आद्य जलाचे दोन अधिष्ठाते, अप्सू आणि तिआमत. आणि त्या तिआमत नावाच्या महाराक्षसीला मारून जग घडविणारा मर्दुक देव, अशी ती कथा आहे.

टिळकांच्या दृष्टीला येथेच एक धागा दिसला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात सापाचे विष उतरविण्याचे एक सूक्त आहे. त्यात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला, ताबुव असे काही विचित्र शब्द येतात. त्यांचा अर्थ भाष्यकारांनाही नीट लागत नव्हता. टिळकांनी ‘तैमात’ आणि ‘तिआमत’ यांची सांगड घातली; ‘उरुगूला’ या शब्दात त्यांना त्या लोकांच्या पाताळाचे नाव ऐकू आले; ‘अप्सुजित्’ हे इंद्राचे विशेषण त्यांनी ‘अप्सू’शी ताडून पाहिले. इंद्र-वृत्राचे युद्ध आणि मर्दुक-तिआमतचे युद्ध यांतील साम्यही त्यांनी मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोन संस्कृती समकालीन होत्या, त्यांच्यात व्यापाराबरोबर शब्दांचीही देवघेव झाली, आणि वेदांतील हे परके शब्द त्या देवघेवीचे अवशेष होत. भांडारकरांनीही याच सुमारास वेदांतील असुर आणि असुर देश यांच्या संबंधावर लेखन केले.

या मांडणीचे आज काय उरले आहे? पुष्कळ पंडितांनी ती शंकास्पद ठरविली. ‘तिआमत’ हा शब्द त्या भाषेत एकाकी नाही. समुद्राला त्या भाषेत ‘ताम्तु’ म्हणत, आणि हिब्रू भाषेतील अगाध जलाचा वाचक ‘तेहोम’ हा त्याचाच भाऊबंद आहे. म्हणजे तिआमतचे घर सापडते, गोत्र सापडते. ‘तैमात’ला मात्र अथर्ववेदात समुद्राचा काहीच वास नाही, तेथे तो विषारी सापाचा वाचक आहे. ‘अप्सु’ची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. ‘अप्’ म्हणजे पाणी, आणि ‘अप्सु’ हे त्याचे सप्तमीचे अनेकवचन, म्हणजे ‘पाण्यांमध्ये’. संस्कृत व्याकरणाच्या घरातच शब्दाचा उलगडा होत असताना त्यासाठी बाबिलोनपर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. उलटपक्षी, टिळकांचा मूळ प्रश्न निरर्थक होता असे मात्र कोणी म्हणू नये. वेदांत परके शब्द आहेत काय, आणि ते आले असतील तर कोणाकडून आले, हा प्रश्न पुढच्या संशोधनात कायम राहिला. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात सोन्याच्या ‘मना’चा उल्लेख आहे, त्याची तुलना बाबिलोनी वजनाच्या ‘मनू’ या नावाशी आजही गांभीर्याने केली जाते.

व्यापाराचा पुरावा तर टिळकांच्या कल्पनेपेक्षाही भक्कम निघाला. अक्कदचा राजा सारगॉन, ज्याला चार हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, आपल्या लेखात अभिमानाने सांगतो की मेलुह्हाची गलबते अक्कदच्या धक्क्याला लागतात. मेलुह्हा म्हणजे सिंधू नदीचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. त्याच अक्कदी काळातील एक मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावर मालकाचे नाव कोरले आहे शू-इलिशू, आणि त्याचा व्यवसाय दिला आहे मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी. सिंधूच्या लिपीचे वाचन अद्याप सर्वमान्य झालेले नाही. पण ती भाषा समजणारा आणि तिचा अर्थ दुसऱ्यांना सांगणारा एक मनुष्य त्या काळी युफ्रेटिसच्या काठी पोट भरीत होता, एवढे त्या लहानशा दगडाने निश्चित सांगितले आहे.

दुसरा पुरावा उत्तरेकडून आला. तुर्कस्तानातील बोगाझकोई येथे १९०६-०७ च्या उत्खननात हुगो विंकलरला हित्ती राजांचे दप्तर सापडले. त्यात इ. स. पूर्व चौदाव्या शतकातील एका तहात मितन्नी देशाच्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे आढळली. तेथेच मितन्नीच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने सांगितलेला, घोडे तयार करण्याचा ग्रंथही मिळाला. घोड्याला रिंगणात किती फेरे द्यावेत, यासाठी त्यात ऐक-वर्तन्न, तेर-वर्तन्न, पंझ-वर्तन्न, सत्त-वर्तन्न असे शब्द आहेत. एक, तीन, पाच, सात यांच्या या मालिकेला भाषांतराची गरज मराठी माणसाला भासणार नाही. पण येथे विद्वानांना पटले ते नुसत्या कानाला वाटलेल्या साम्यामुळे पटले नाही. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणता येतो. ओळीने चार संख्या जुळतात, त्याही एकाच विषयाच्या ग्रंथात, एकाच अर्थाने, आणि त्याच राज्याच्या तहात वैदिक देवतांची नावेही एकत्र येतात, तेव्हा योगायोगाचा आधार संपतो. त्यातही ‘ऐक’ या शब्दाचे महत्त्व विशेष आहे. इराणी शाखेत एकाला ‘अइव’ म्हणत. ‘क’कार असलेले रूप भारतीय शाखेचे आहे.

टिळकांचा ‘तैमात’ डळमळला आणि किक्कुलीचा ‘पंझ’ टिकला, याचे कारण या दोन उदाहरणांतील फरकात आहे. शब्दाचे मूळ ठरविताना पहिली गोष्ट पाहावयाची ती ध्वनींची शिस्त. भाषेत ध्वनी बदलतात ते स्वैर बदलत नाहीत. संस्कृतातील हस्त प्राकृतात हत्थ होतो आणि मराठीत हात. त्याच चालीने सप्तचा सत्त आणि सात, अष्टचा अट्ठ आणि आठ. कानडीतही अशीच शिस्त आहे. जुन्या कानडीत शब्दाच्या आरंभी असलेला ‘प’ पुढे ‘ह’ झाला: दुधाला असलेला ‘पाल्’ शब्द ‘हालु’ बनला, ‘पळ्ळि’ची ‘हळ्ळि’ झाली, आणि नवे या अर्थाचा ‘पोस’ हा ‘होस’ झाला. बेळगाव जिल्ह्यातील हळ्ळी आणि होसूर या नावांच्या गावांत हा इतिहास जागोजागी साठलेला आहे. जो शब्द या शिस्तीत बसत नाही, त्याला आपला म्हणण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे.

दुसरी गोष्ट वस्तूच्या इतिहासाची. निपाणीचे नाव ज्या पिकाने दूरवर नेले, त्या तंबाखूचेच उदाहरण घ्यावे. अथर्ववेदाच्या त्याच सूक्तात ‘ताबुव’ हा शब्द आहे. विष, औषध, मंत्र असा सगळा परिसर जवळ आहे. तेव्हा एखाद्या उत्साही शोधकाला तंबाखूचे मूळ वेदांत सापडल्याचा भास होणे अशक्य नाही. पण तंबाखूचे झाड अमेरिकेतले. कोलंबसाच्या सफरीपूर्वी ते या खंडात नव्हतेच. पोर्तुगीजांच्या जहाजांनी ते हिंदुस्थानात आणले आणि त्यांच्याच भाषेतील ‘तबाको’ या नावासह ते येथे रुजले. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी आला होता, तो सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी परतताना तंबाखू आणि मौल्यवान हुक्का बरोबर घेऊन गेला, आणि ही नवलाची वस्तू त्याने बादशहापुढे ठेवली. म्हणजे उत्तरेच्या दरबाराला तंबाखूची ओळख करून देण्याचा मान आदिलशाही मुलखाकडे जातो. जे रोप समुद्र ओलांडून आलेच नव्हते, त्याचे नाव वेदांत असू शकत नाही. येथे ध्वनिसाम्याचा निकाल वनस्पतिशास्त्र देऊन टाकते.

कधी याच्या उलटही घडते. वस्तू प्रवास करते आणि नाव मागे राहते. असुर राजा सेनाखेरिब याने इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आरंभी आपल्या बागेत लोकर देणारी झाडे लावल्याचे लिहून ठेवले आहे. ती कापसाची झाडे होत. पण त्याच्या लेखकाने भारतीय नाव घेतले नाही, आपल्याच शब्दांत वर्णन करून वेळ निभावली. पुढे इराणी साम्राज्याच्या काळात मात्र ‘कार्पास’ हा आपला शब्द पश्चिमेकडे निघाला आणि हिब्रू धर्मग्रंथात ‘कर्पस’ होऊन बसला. तेव्हा शब्द नाही म्हणून संबंध नाही, असेही म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट वाटेची. दूरच्या शब्दाला आपल्या दारी येण्यासाठी मधली मुक्कामाची ठाणी लागतात, आणि ती दाखविता आली पाहिजेत. या कसोटीवर असुर-बाबिलोनी भाषेतील काही शब्द खरोखरच बेळगाव-निपाणीच्या बाजारापर्यंत चालत आलेले दिसतात. त्यातला पहिला ‘मण’. मेसोपोटेमियात ‘मनू’ हे सुमारे अर्ध्या किलोग्रॅमचे वजन होते. तेथून ते हिब्रू, ग्रीक आणि अरबी भाषांत गेले. अरबी ‘मन्न’ इराणी व्यवहारातून इकडे आला. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने रूढ होईपर्यंत आपल्याकडे चाळीस शेरांचा मण होता, आणि सरकारी मापाने तो सदतीस किलोग्रॅमच्या वर भरे. नाव तेच राहिले आणि माप सत्तरपटीने फुगले. आज तराजूतून मण उतरला असला, तरी ‘मणभर’ ओझे मराठी आणि कानडी दोन्ही बोलींत अजून उचलले जाते.

दुसरा शब्द ‘मिस्कीन’. जुन्या मराठीत गरीब, दीन, निरुपद्रवी माणसाला मिस्कीन म्हणत. हम्मुराबीच्या कायद्यात समाजाचे तीन थर आहेत: प्रतिष्ठित नागरिक, ‘मुश्केनु’ आणि दास. मुश्केनु म्हणजे मधला सामान्य मनुष्य. हा शब्द आरामीत ‘मिस्केना’ झाला, अरबीत ‘मिस्कीन’ झाला, फारसीतून दक्षिणेत उतरला. आणि दुसऱ्या बाजूने अरबांबरोबर स्पेन-इटलीपर्यंत जाऊन तेथे कृपण व हलकट अशा अर्थाला पोहोचला. सामान्य माणसाच्या नावाला साडेतीन हजार वर्षांत दैन्याचा आणि तुच्छतेचा अर्थ चिकटत गेला, ही या व्युत्पत्तीची सर्वांत बोलकी बाजू आहे. ‘तंदूर’ हाही याच वाटेचा प्रवासी. असुर-बाबिलोनी भट्टीला ‘तिनूरु’ म्हणत. आरामी, अरबी आणि फारसी ओलांडून ती आज प्रत्येक मोठ्या गावातील हॉटेलात पेटते आहे.

या शब्दांना शेवटचे ठाणे आदिलशाहीचे मिळाले. बेळगावच्या किल्ल्यातील सफा मशीद सोळाव्या शतकात असदखान लारीने बांधली. या सरदाराच्या ताब्यात हा मुलूख दीर्घकाळ होता. फारसी दरबार आणि मराठी-कानडी रयत यांच्यामध्ये कुलकर्णी, देशपांडे, देसाई यांची दप्तरे उभी होती. त्या दप्तरांतून शेकडो फारसी-अरबी शब्द गावोगाव झिरपले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून त्यांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही तारीख, वकील, हिशेब यांनी आपली जागा सोडली नाही.

येथे एक भेद मात्र सांभाळला पाहिजे. ‘मिस्कीन’ हा असुर-बाबिलोनी भाषेतून उसना घेतला गेला, म्हणजे तो तिथला पाहुणा होय. ‘तारीख’ तसा नाही. त्या भाषेत महिन्याला ‘वर्हु’ म्हणत, आणि अरबी ‘तारीख’चा धातूही त्याच कुळातला आहे, पण अरबीने तो बाबिलोनकडून घेतला असे नाही, दोघींना तो एकाच सेमिटिक पूर्वजाकडून मिळाला. ‘सलाम’ची हीच कथा: असुर व्यापारी पत्राच्या आरंभी ‘शुल्मु’ म्हणजे कुशल चिंती. उसनवार निराळी आणि भाऊबंदकी निराळी, हे न ओळखल्यामुळे व्युत्पत्तीच्या क्षेत्रात जितके घोटाळे झाले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने झाले असतील. संस्कृत आणि लॅटिन यांत मातेला सारखे नाव आहे ते भाऊबंदकीमुळे. मराठीत आणि कानडीत तूप सारखे आहे ते शेजारामुळे.

कित्येकदा मात्र सर्व कसोट्या लावूनही न्याय राखूनच ठेवावा लागतो. कानडीत तिळाला ‘एळ्ळु’ म्हणतात. संक्रांतीला मराठी घरात तीळगूळ वाटतात, तेव्हा कानडी घरात एळ्ळु-बेल्ल वाटतात, आणि गोड बोलण्याची विनवणी दोन्हीकडे सारखीच असते. आता असुर-बाबिलोनी भाषेत ‘एल्लु’ म्हणजे स्वच्छ, निर्मळ; आणि उत्तम तिळेलालाही तोच शब्द लावीत. तिळाची लागवड भारतीय उपखंडात प्रथम झाली, हे वनस्पतींच्या अवशेषांवरून दिसते. हडप्पा येथे ते इ. स. पूर्व २५०० च्या सुमारासचे मिळाले आहेत. सिंधूशी समुद्रमार्गे व्यापार होता. तेव्हा तिळाबरोबर त्याचे द्राविडी नावही तिकडे गेले असावे, असे काही संशोधकांनी सुचविले आहे. वस्तूचा इतिहास अनुकूल आहे, वाटही आहे. परंतु ‘निर्मळ’ या अर्थाचा ‘एल्लु’ त्या भाषेत आपल्या क्रियापदांसह, आपल्या कुटुंबासह नांदतो, आणि तिळाला तेथे ‘शमश्शम्मु’ हे वेगळे नाव आहे. त्यापासूनच अरबी ‘सिमसिम’ आणि ग्रीक ‘सेसमॉन’ झाले. म्हणून हे साम्य संभवाच्या कोटीत राहते, सिद्धांताच्या नाही. कानडी अभिमानाला हे थोडे बोचेल. ‘तैमात’ गळाल्याने मराठी अभिमानालाही तितकेच बोचले होते. शास्त्राचा काटा दोघांसाठी एकच असला पाहिजे.

हाच काटा सीमाभागातील नावांना लावून पाहावा. रट्ट राजांच्या काळी बेळगावचे नाव वेणुग्राम असे होते. त्यांच्या कारकिर्दीत १२०४ साली किल्ल्यातील कमलबस्ती उभी राहिली. वेणू म्हणजे बांबू, मराठीत वेळू. आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ होणे ही कानडीची चाल, आणि ग्रामाचा गाव होणे ही प्राकृत-मराठीची. एकाच नावाच्या अंगावर दोन्ही भाषांचे हात फिरलेले आहेत. २०१४ साली शासनाने ‘बेळगावि’ हे रूप अधिकृत केले. पण शिक्क्याने नावाची अर्धी वंशावळ पुसली जात नाही, ना दुसऱ्या रूपाच्या आग्रहाने उरलेली अर्धी. गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी यांनी १९५२ साली ‘मऱ्हाटी संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहून मराठीच्या घडणीतील कानडी अंश मोठ्या आग्रहाने मांडला. त्यांच्या कित्येक व्युत्पत्तींशी मराठी विद्वानांचे पटले नाही, आणि काहींविषयी मतभेद होणे रास्तही होते. तथापि कानडी पंडिताने आपला पक्ष मराठीतून मांडावा, ही गोष्टच या प्रदेशाच्या दुभाषी स्वभावाची साक्ष आहे.

मुलूख कोणत्या राज्यात असावा, हा तेथे राहणाऱ्या माणसांच्या इच्छेचा, त्यांच्या शाळांचा, दप्तरांचा आणि हक्कांचा प्रश्न आहे. महाराष्ट्राने २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. त्या प्रश्नाचे वजन मोठे आहे. पण ते वजन व्युत्पत्तीच्या पारड्यात टाकता येत नाही. शब्दाचे मूळ हा जमिनीचा सातबारा नव्हे. तसे असते, तर मणाच्या बळावर निपाणीच्या बाजारावर बाबिलोनला हक्क सांगता आला असता.

अशा वेळी एका शब्दाची आठवण होते. अनातोलियातील कानेश या गावी चार हजार वर्षांपूर्वी असुर व्यापाऱ्यांची पेठ होती. कथील आणि कापड गाढवांवर लादून ते तेथे येत आणि परक्या भाषेच्या लोकांत राहून व्यापार करीत. तेथे सापडलेल्या वीस हजारांहून अधिक विटांत त्यांचे हिशेब, करार, भांडणे आणि घरची पत्रे आहेत. दोन भाषांच्या या पेठेत मध्यस्थी करणाऱ्या माणसाला ‘तर्गुमन्नु’ म्हणत. हाच शब्द आरामीतून अरबीत ‘तर्जुमान’ झाला, आणि त्याच्या कृतीला ‘तर्जुमा’ हे नाव पडले. मराठीत तो तर्जुमाच राहिला, कानडीत तर्जुमे झाला. मराठी कागदाचे कानडी आणि कानडी कागदाचे मराठी करून घेण्यासाठी बेळगावच्या कचेऱ्यांत ज्यांनी खेटे घातले, त्यांच्या तोंडून हा शब्द असंख्य वेळा निघाला असेल. तो मराठीचाही मूळचा नव्हे आणि कानडीचाही नव्हे. दोन्ही घरांत तो पाहुणाच आहे. आणि आपापली भाषा न सोडता शेजाऱ्याचे म्हणणे समजून घेण्याच्या कामाचे नाव दोन्ही घरांनी त्याच्याकडूनच घेतले आहे.